न वाचलेलं कलम

एकोणीसशे सहासष्ट साली मी बावीस वर्षांची होते आणि एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून कामाला होते. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, हे आमचं ऑफिस. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली उतरणारा समोरासमोर आले की एकाला माघार घ्यावीच लागे. वकीलसाहेब म्हणत, "आपली निम्मी वकिली जिन्यातच उरकते."

कोर्टात ते महिन्यातून एखाद्या वेळी जात. त्यांचं खरं काम करारनामे करून देण्याचं. भागीदारीचे, भाड्याचे, माल पुरवण्याचे. छोटी छोटी माणसं यायची, बेकरीवाले, शिंपी, छापखानेवाले. कायद्याचा कागद बघितला की त्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात बसल्यासारखा भाव यायचा. साहेब जुन्यातला एखादा करार काढून मला द्यायचे आणि म्हणायचे, "खडखडबाई, हा सांगाडा घ्या. नावं बदला, धंदा बदला. न शोभणारं काय आहे ते वाचताना कळेलच." माझ्या मशीनच्या आवाजावरून त्यांनी मला खडखडबाई केलं होतं, आणि पुढे अशिलंही तेच म्हणू लागली.

वाचन हा आमच्या ऑफिसचा नेम होता. मसुदा टाइप झाला की ज्याचा ज्याचा त्या धंद्याशी संबंध, त्या सगळ्यांना बोलवायचं. सही करणारा असो वा नसो, ज्याचे हात त्या कामात आहेत त्याने बसायचंच. मी एकेक कलम मोठ्याने वाचायची आणि थांबायची. मग साहेब म्हणायचे, "समजलं असं म्हणू नका. समजलं म्हणून मान सगळेच हलवतात. घरी बायकोला सांगाल तसं सांगा." माणूस जे सांगेल ते मी ऑफिसच्या प्रतीवर त्या कलमाशेजारी, समासात पेन्सिलीने लिहून घ्यायची. एका बेकरीवाल्याच्या करारात नुकसानीचं अर्धं पान भरलेलं कलम होतं. शेजारी माझ्या अक्षरात आहे, "पाव करपला तर भट्टीवाल्याच्या बोकांडी, पीठ किडकं निघालं तर माझ्या." साहेब ते बघून खूश झाले. म्हणाले, "मी बत्तीस ओळी लिहिल्या आणि या गृहस्थाने एका ओळीत माझी वकिली काढून घेतली."

सांगताना माणूस अडखळला की तिथेच चूक सापडायची. "अहो, पण असं आमचं ठरलंच नव्हतं," असं कुणीतरी म्हणायचं आणि साहेब ते कलम खोडायचे किंवा बदलायचे. तोवर कुणालाही पेन हातात मिळत नसे. समास पूर्ण भरला की सही.

त्या वर्षी माझी ताई आणि भावजी करार करायला आमच्याकडे आले.

भावजी शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवत. म्हणजे गिऱ्हाईक आणणं, पोचवणं, लगद्याचे अर्धगोल करून जोडणं ही कामं त्यांची. त्या गोलावर जी पृथ्वी असायची, ती ताईची. लग्नाआधी ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. लग्नानंतर घरी बसून तीन वर्षं तिने बारा पट्ट्या काढल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, होडीसारख्या. एकेक नदी, एकेक शहराचं नाव, तिच्या त्या मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. त्यावरून जस्ताचे ठसे केले. ठशांवरून कागद छापायचा, पट्ट्या कापायच्या आणि खळीने गोलावर चिकटवायच्या. खळ लागली की कागद फुगतो. कुठे किती ताणायचा हे तिच्या बोटांना कळायचं. बाराव्या पट्टीची कड पहिलीला जाऊन भिडली आणि मधली नदी कुठे तुटली नाही की ती मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "बसली." दिवसाला तीन गोल. चौथा काढायचा म्हटलं की नद्या तुटायच्या.

घरात हे सगळं मावेना. तेव्हा कागदाचे एक व्यापारी भागीदार व्हायला तयार झाले. आम्ही त्यांना कागदवालेच म्हणत असू. पन्नाशीचे, ढेरपोटे, बोलायला मऊ. त्यांची गोदामामागची लांब खोली आणि त्यांचा कागद, आणि इकडचं काम, असं ठरलं. ताईलाही भागीदार करू असं साहेबांनी सुचवलं होतं. ती हसून म्हणाली, "घरातल्या एकाने सही केली की झालं की! मला कशाला त्या कागदात कोंबताय?"

साहेबांनी मला दोन कापडवाल्यांच्या भागीदारीचा जुना करार सांगाडा म्हणून दिला. ते दोघे कापडवाले एकमेकांच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसत. करार तसाच होता. मी नावं बदलली, कापडाच्या जागी गोल घातले. चौदा कलमं झाली.

वाचनाच्या दिवशी सकाळीच कोर्टातून निरोप आला आणि साहेबांना निघावं लागलं. कोटात हात घालता घालता म्हणाले, "घरचीच माणसं आहेत. तुम्ही वाचा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या. मी दुपारी येतो, मग सह्या." मला त्याचा केवढा अभिमान वाटला! पहिल्यांदाच मी एकटीने वाचणार होते, तेही ताईसमोर.

तिला तेव्हा पाचवा महिना होता. आधी दोन वेळा पोटातलं राहिलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरांनी सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं, आणि बाई कशी नुसती हसत होती. खुर्चीत मागे रेलून, एक हात पोटावर.

मी तिसरं कलम वाचलं, कामाच्या वाटणीचं.

"म्हणजे जागा माझी, कागद माझा," कागदवाले म्हणाले, "आणि डोकं यांचं."

"आणि हात माझ्या बायकोचे," भावजी म्हणाले. "लिहा मेव्हणीबाई, लिहा. हे समासात नाही, ठळक अक्षरात लिहा."

आठवं कलम तंट्याचं होतं. तंटा झालाच तर आधी वकीलसाहेबांकडे यायचं, असं.

"तंटा कशाला होतोय?" कागदवाले म्हणाले. "यांचा तर आवाजसुद्धा चढत नाही."

"घरी येऊन ऐका एकदा, भाऊ," ताई म्हणाली. "दाढीचं पाणी गार झालं की बघा."

सगळे हसले. मीही हसत हसत पान उलटलं आणि बारावं कलम समोर आलं. सुरुवातच अशी होती, "दोहोंपैकी एका भागीदाराचा मृत्यू झाल्यास." पुढे होतं की मागे राहिलेल्या भागीदाराने मयताच्या वारसांना हिश्शाची वहीतली किंमत देऊन मोकळं करावं, आणि धंद्याचं नाव, जागा, यंत्रं व ठसे यांवर वारसांचा काहीही हक्क राहणार नाही.

मूळ करारात कापडावर छापायचे ठसे होते. ते तसेच माझ्या बोटांखालून इकडे आले होते. टाइप करताना तो नुसता शब्द होता.

मी वर बघितलं. ताई भावजींच्या कानात काहीतरी सांगत होती, त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागलेली खळ नखाने खरवडत होती. या बाईसमोर, या दिवशी, तुझा नवरा मेला तर, असं मी मोठ्याने वाचायचं? आणि मग थांबून म्हणायचं, आता तुझ्या शब्दांत सांग? मला ते जमेना. मी खोकले, घोटभर पाणी प्याले आणि तेरावं कलम वाचायला घेतलं.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आकडे कोण मोजतो?

साहेब दुपारी घामाघूम होऊन आले. एरवी ते सहीआधी प्रत्येक पान उलटून समास बघायचे. त्या दिवशी पहिली दोन पानं बघितली, बेकरीवाल्याच्या वरताण काहीतरी वाचून हसले आणि विचारलं, "सगळी कलमं झाली ना?"

"झाली," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांना एकट्याला सांगू आणि ते कलम गुपचूप बदलून घेऊ, असं माझ्या मनात होतं. संध्याकाळी त्यांच्याकडे माणसं बसली होती. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. आठवडा गेला. मग वाटू लागलं, आता सांगितलं तर साहेब विचारतील, झाली असं का म्हणालात? आणि तिशीतला धडधाकट माणूस, त्याच्या मरणाची चौकशी आत्ता कशाला? मी ती फाइल कपाटात अगदी खाली ठेवली.

ताईला मुलगी झाली. गोल खपू लागले. लांब खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या पृथ्व्या आणि त्यांच्याखाली पाळणा, असं मी कितीदा बघितलं. ताई पट्टी बसवता बसवता पायाने पाळण्याची दोरी ओढायची. कागदवाले मुलीला खांद्यावर घेऊन गोदामभर फिरायचे.

सत्तर साली भावजींना कावीळ झाली. तीन आठवडे ते इस्पितळात होते. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं, आणि पहिल्यांदा बारावं कलम माझ्या छातीवर येऊन बसलं. अजून वेळ होता. भावजी शुद्धीवर होते, सही करू शकत होते. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी दोन ओळींचा पुरवणी कागद करून, कागदवाल्यांना घेऊन खाटेपाशी नेला असता. कागदवाले तेव्हा रोज फळं घेऊन यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून डोळे पुसायचे. नाही म्हणाले नसते.

एका दुपारी मी तेवढ्यासाठीच गेले. भावजी पिवळेजर्द, डोळे खोल. मला बघून म्हणाले, "या मेव्हणीबाई. बरा झालो की तुमच्या साहेबांना एक गोल फुकट." ताई उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. म्हणाली, "आज जरा हुशारी वाटतेय की नाही गं यांना?"

या माणसाच्या पुढ्यात मरणाचा कागद कसा आणायचा? मी म्हणाले, "हो, वाटतेय," आणि परत आले. नऊ दिवसांनी भावजी गेले.

सहा महिने काही झालं नाही. ताई पांढऱ्या चेहऱ्याने रोज कामावर जायची आणि दिवसाला तीन गोल करायची. मग कागदवाल्यांचा जावई धंद्यात आला. शिकलेला, नीटनेटका, बोलायला सभ्य. त्याने सासऱ्याच्या कपाटातले सगळे कागद काढून वाचले. आमच्या सगळ्यांत करार पुरता वाचणारा तो पहिला. एके सकाळी त्याने ताईला खुर्ची दिली आणि सांगितलं, "वहिनी, करारानुसार तुमचा हिस्सा आम्ही देऊन टाकतो. ठसे आणि नाव इथंच राहील. तुम्हाला हवं तर रोजावर काम करा, आमची काहीच हरकत नाही."

ती मुलीचं बोट धरून सरळ आमच्या ऑफिसात आली. जिना चढताना मला तिची पावलं ओळखू आली.

"असं कुठं लिहिलंय, साहेब?" ती म्हणाली. "मी स्वतः बसले होते. हिने एकेक ओळ वाचली. असं काही नव्हतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "फाइल आणा."

मी कपाटाच्या तळातून फाइल काढली. त्यांनी पानं उलटली. समास भरलेला होता. कागदवाल्यांचं म्हणणं, भावजींचं म्हणणं, ताईचं दाढीच्या पाण्याचं बोलणं, सगळं माझ्या अक्षरात. बाराव्या कलमाशी त्यांचं बोट थांबलं. शेजारी कोरा कागद. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलगी टेबलावरचा कार्बन बोटाने चोळत होती, तिची बोटं निळी झाली होती.

"हे तुम्ही सांगायचं, खडखडबाई," ते शेवटी म्हणाले. "मी नाही."

मी सांगितलं. सकाळी कोर्टाचा निरोप आला तिथपासून ते इस्पितळातल्या दुपारपर्यंत. काहीच राखून ठेवलं नाही. ताई ऐकत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला माझी दया आली," ती म्हणाली.

"तू इतकी आनंदात होतीस गं."

"अगं, दोन पोटातली घालवून बसले होते मी. मला मरण माहीत नव्हतं का?" तिने मुलीची बोटं पदराला पुसायला घेतली. "वाचलं असतंस तर मी एवढंच म्हणाले असते, ठसे माझे. दोन शब्द, छोटे. भाऊ लगेच हो म्हणाले असते. ते तेव्हा कशालाच नाही म्हणत नव्हते."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी कागदवाल्यांना आणि जावयाला बोलावलं. करार मोडायला कायद्याने फारशी वाट नव्हती, ते त्यांनी आधीच ताईला सांगितलं होतं. एक आशा होती ती कागदवाल्यांच्या मनाची. माझ्याकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझ्या ऑफिसची आहे. पानं मी उलटली नाहीत. पण हे कलम तुम्ही दोघांनी ठरवलेलं नव्हतं, हे तर तुम्ही जाणता."

कागदवाल्यांचे डोळे भरून आले. "मला तर तेव्हा ऐकूसुद्धा आलं नाही हो हे," ते म्हणाले. त्यांनी जावयाकडे बघितलं.

"मामा, सही केल्यावर ऐकलं काय अन् न ऐकलं काय?" जावई शांतपणे म्हणाला. "उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, माझ्यापुढं वाचलं नव्हतं. आणि ठसेच दिले तर मग आपल्याकडं उरतं काय? लगदा?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, हेच तर वाईट. ठशांवाचून त्या धंद्यात खरोखर लगदाच उरत होता. कागदवाले बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मी म्हातारा झालो. आता सगळं हाच बघतो." आणि उठून जिन्याकडे गेले. खालून कुणीतरी वर येत होतं. मऊ माणूस, ते भिंतीला चिकटून त्याला वाट देत उभे राहिले.

ताईने तीन महिने रोजावर काम केलं. पोर पदरात होती, दुसरं काही हाताशी नव्हतं. स्वतःच्याच नद्या स्वतःच चिकटवायच्या आणि संध्याकाळी वहीत अंगठ्याएवढ्या चौकोनात सही करायची. जावई तिला दिवसाला पाच गोल मागू लागला. एके दिवशी मी तिला आणायला गेले, तर दोरीवर वाळणाऱ्या गोलांवरच्या नद्या जोडावर तुटलेल्या होत्या. ती ते बघत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही.

पट्ट्या नव्याने काढायला बसावं म्हणून मी तिच्यासाठी कागद आणि शाई घेऊन गेले होते. ती म्हणाली, "तेव्हा तीन वर्षं होती माझ्याकडं आणि मिळवणारं माणूस होतं. आता काय आहे?" कागद मात्र तिने ठेवून घेतला. मुलीच्या वह्यांना कव्हरं घातली.

वकीलसाहेब पुढे चौदा वर्षं करार करत राहिले. मला त्यांनी काढलं नाही. पण त्या दिवसानंतर ते स्वतः वाचायचे आणि मी नुसती लिहून घ्यायची. खडखडबाई म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. ऑफिसात, खुर्चीतच गेले.

कागदवाले एकाहत्तर सालीच गेले. शेवटी शेवटी ते ताईच्या दारावरून जायचे टाळत, लांबच्या रस्त्याने जात. जावयाने वीसेक वर्षं गोल विकले. पुढे बाजारात प्लॅस्टिकचे आले तेव्हा त्याने धंदा गुंडाळला. ठसे भंगारात दिले, असं मी ऐकलं. विचारायला गेले नाही.

ताईने एका मोठ्या शाळेत नोकरी धरली. प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहायची. सव्वीस वर्षं तिने परक्या पोरांची नावं सुंदर अक्षरात लिहिली. मुलीला शिकवलं. भाची आता दातांची डॉक्टर आहे, तिला दोन मुलगे आहेत. लांब राहते, पण दर रविवारी फोन करते. तिला हे सगळं ठाऊक आहे, ताईने सांगितलं होतं. माझ्याशी ती प्रेमाने वागते.

मी लग्न केलं नाही. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगते.

ताई जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही कधी भांडलो नाही. घरात काही गोड केलं की माझ्यासाठी काढून ठेवायची, माझ्या आजारपणात महिनाभर येऊन राहिली. शेवटचं वर्ष ती माझ्याकडेच होती. नजर गेली होती. वेणी मी घालायची, नखं मी कापायची, घास मी भरवायची. पण टपालाने काही आलं, पेन्शनचा कागद, बँकेचं पत्र, लेकीचं पाकीट, की ती हात लांब करून ते माझ्याकडून मागून घ्यायची आणि गॅलरीत जाऊन शेजारच्या बाईंना हाक मारायची. त्या येऊन वाचून दाखवायच्या. मी तोवर स्वयंपाकघरात थांबायची.